किंग ऑफ फायटर्स ९७ ला ब्रोकन म्हटलं म्हणून मामा रागावला. जुन्या खेळाडूंना प्रश्न

हॉस्टेल_कर्वेनगर

नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रूमवर आम्ही चौघं रोज रात्री फाइटकेडवर (जुने आर्केड गेम इंटरनेटवरून एकमेकांशी खेळायचं सॉफ्टवेअर) किंग ऑफ फायटर्स ९८ हा मारामारीचा गेम खेळतो. परवा सहकारनगरला मामाकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा लॅपटॉप काढून त्याला ९८ दाखवला. मामा चाळिशीचा आहे. दोन मॅच खेळला आणि म्हणाला, "छान आहे रे, पण सत्त्याण्णव लाव."

लावला. त्याने आयोरी हा कॅरेक्टर घेतला (तो त्याला "लोरी" म्हणतो) आणि मला कोपऱ्यात नेऊन उभंच राहू दिलं नाही. सलग पाच मॅच हरलो. मी म्हटलं, मामा, हा गेम ब्रोकन आहे, म्हणून तर सगळे ९८ खेळतात. यावर तो खरंच रागावला. जेवताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मामीने विषय बदलायचा प्रयत्न केला, पण वातावरण काही सुधारलं नाही.

मला त्याला दुखवायचं नव्हतं. पण इंटरनेटवर कुठेही वाचा, ९७ मध्ये इन्फिनिट कॉम्बो (एकदा सुरू झाली की न संपणारी माराची मालिका) आहेत, काही कॅरेक्टर फार वरचढ आहेत, असंच लिहिलेलं असतं. मग त्या वेळच्या लोकांना हाच गेम एवढा प्रिय का? शनिवारी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे. त्याआधी समजून घ्यायचंय.

---

शून्य_पिंग

तुझं म्हणणं चुकीचं नाही. ९८ मध्ये एसएनकेने (गेम बनवणारी कंपनी) कथा बाजूला ठेवली, आधीच्या वर्षांतले बहुतेक कॅरेक्टर एकत्र आणले आणि सगळी ताकद खेळ समतोल करण्यावर लावली. गंभीरपणे शिकायचं असेल तर मी आजही ९८ च सांगेन.

९७ मध्ये दाइमोन, चोई, चिझुरू अशा वरचढ कॅरेक्टरसमोर काही कॅरेक्टर घेऊन बसणं म्हणजे अर्धी मॅच आधीच हरणं. तरीही चीनमध्ये ९७ च्या स्पर्धा अजून होतात आणि तिथले खेळाडू बघितले की थक्क व्हायला होतं. एवढ्या वर्षांनी एवढी माणसं एखाद्या गेममध्ये नवीन काही शोधत असतील तर त्याला मोडीत काढताना मी दोनदा विचार करेन. मामांची बाजू मात्र व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळलेल्या कुणीतरी सांगायला हवी. मी तेव्हा बालवाडीत होतो.

---

चौथं_बटण

हे लांबणार आहे, आधीच सांगतो.

९८ जास्त समतोल आहे हे मला मान्य आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण "ब्रोकन" हा शब्द तुझ्या मामांना का लागला ते मला कळतं, कारण मलाही लागतो.

मी १९९९ साली नववीत होतो. नारायण पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत पार्लर होतं. तीन मशिनं. एकावर मुस्तफा (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं), दुसऱ्यावर विमानांचा गेम, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिसऱ्यावर ९७ आला. गेम दोन वर्षं जुना होता, पण आमच्यासाठी त्या दिवशी जन्मला.

त्या तिसऱ्या मशिनमध्ये आधी दुसराच गेम होता आणि त्याला तीनच बटणं होती. ९७ ला चार लागतात: ए हलका ठोसा, बी हलकी लाथ, सी जोराचा ठोसा, डी जोराची लाथ. म्हणजे पहिले आठ-दहा दिवस आम्ही जोराच्या लाथेशिवाय ९७ खेळलो. सी आणि डी एकत्र दाबून समोरच्याला लांब फेकता येतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. कॉम्प्युटर ते करायचा आणि आम्ही समजायचो की ते फक्त कॉम्प्युटरलाच येतं. बॉसपर्यंत पोचणं तेव्हा अशक्य वाटायचं, आणि तरीही त्या दहा दिवसांत मशिनसमोरची गर्दी कमी झाली नाही.

माझे वडील टीव्ही दुरुस्त करायचे, त्यामुळे सोल्डरिंग माझ्या हातात होतं. पार्लरच्या काकांनी मला बोर्डाबरोबर आलेला एक झेरॉक्स कागद दाखवला. बोर्ड ज्या पट्टीत बसतो तिला एका बाजूला २८ पिना, दोन्ही बाजूंच्या मिळून ५६. तिसरं बटण २४ नंबरच्या पिनेवर आणि निओ-जिओचं (एसएनकेची ही आर्केड यंत्रणा, ९७ तिच्यावरच चालतो) चौथं २५ वर. एक बाजू पहिल्या खेळाडूची, मागची सोल्डरची बाजू दुसऱ्याची. आमच्या मशिनमध्ये २५ ची तार ओढलेलीच नव्हती. एवढीच गोष्ट होती. पासोड्या विठोबाच्या देवळामागे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन दोन बटणं आणली. निओ-जिओचं डी निळं असतं, पण निळं मिळालं नाही म्हणून पांढरं घेतलं. सनमायकावर भोक पाडताना खाली लाकडी पट्टी आडवी आली, म्हणून पांढरं बटण बाकीच्या तिघांपेक्षा अंगठाभर खाली बसवावं लागलं. दोन्ही बाजूंना तसंच.

संध्याकाळी बटण चालू झालं आणि पहिल्यांदा कुणीतरी सी-डी मारून समोरच्या टेरीला पडद्याच्या दुसऱ्या टोकाला फेकला. खोलीत जो आवाज झाला तो ऐकून वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. त्या दिवसापासून माझी एक मॅच रोज फुकट.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे एक रुपयाला एक गेम होता. स्ट्रीट फायटरमध्ये रुपया टाकून तू एक माणूस घ्यायचास. समोरचा मुरलेला असला तर दोन राउंडमध्ये उठून बाहेर. ९७ मध्ये त्याच रुपयात तीन माणसं मिळायची. पहिला हरला तरी दुसरा येतो, मग तिसरा. अगदी नवीन पोरगाही तीन वेळा मार खाऊन काहीतरी शिकून उठायचा. खाऊच्या पैशांवर खेळणाऱ्या मुलाला हा केवढा फरक होता, हे घरी लॅपटॉपवर फुकट खेळताना लक्षात येणार नाही. शिवाय तिघांचा क्रम लावण्यातच निम्मी लढाई असायची. चांगला माणूस आधी पाठवून समोरच्याचे दोन पाडायचे, की शेवटी राखून ठेवायचा? जिंकलेल्याला पुढच्या राउंडला थोडी लाईफ परत मिळते, त्यामुळे पहिलाच कधी कधी तिघांना पुरून उरायचा. पाठीमागे उभी असलेली पोरं यावर आधीच भांडत असायची.

अन्याय त्यात होताच, आणि तो आम्हाला पहिल्या महिन्यातच कळला होता. दाइमोन (आमचा "पैलवान") जमिनीवर हात आपटतो, त्या वेळी उडी मारली नाही तर उभा माणूस आडवा होतो. एक मुलगा तेच आणि तेच करायचा. स्टार्ट दाबून धरून कोड मारला की पिसाट झालेला ओरोची लोरी मिळायचा, त्याचा वेग बघून हात थांबायचे. कोपऱ्यात अडकलास की संपलास. मग नियम ठरले. कुणी लिहिले नाहीत, पण काचेवर ज्यांची नाणी रांगेत लावलेली असायची त्या सात-आठ जणांनी मिळून ते चालवले. कोडवाले घ्यायचे नाहीत. पैलवानाने लागोपाठ दोनदा जमीन हादरवायची नाही. कोपऱ्यात पाडलंस तर एक पाऊल मागे येऊन त्याला उठू द्यायचं. नियम मोडला तर पुढचे तीन नंबर तुझ्याशी खेळणार नाहीत, तू बस कॉम्प्युटरशी खेळत. जमीन हादरवणाऱ्या त्या मुलाशी आठवडाभर कुणी खेळलं नाही. आठव्या दिवशी तो आला, किम-चँग-चोई ही टीम घेतली आणि नीट खेळला. पुढे आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू तोच झाला.

म्हणून सांगतो, गेममधली जी खोट तू इंटरनेटवर वाचलीस ती आमच्या हातातून रोज गेलेली आहे. आम्ही ती सांभाळली. एखाद्याने येऊन ती वस्तूच भंगार आहे म्हटलं तर त्या सगळ्या संध्याकाळी भंगारात काढल्यासारखं वाटतं. मामा बहुधा यामुळे गप्प झाले.

त्या मुलाबद्दल अजून थोडं. ९७ मध्ये खेळायच्या दोन पद्धती आहेत, अ‍ॅडव्हान्स्ड आणि एक्स्ट्रा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये धावता येतं, लोळून निसटता येतं आणि मारत राहिलं की पॉवर साठते. एक्स्ट्रा ही ९४-९५ च्या खेळासारखी: धावणं नाही, ए-बी-सी धरून पॉवर स्वतः भरायची, पण लाईफ कमी होऊन पट्टी लाल लुकलुकायला लागली की सुपर मूव्ह हवी तितक्या वेळा मारता येते. आम्ही सगळे डोळे मिटून अ‍ॅडव्हान्स्ड घ्यायचो. तो एकटा एक्स्ट्रा घ्यायचा आणि पट्टी लाल होईपर्यंत शांतपणे मार खायचा. लाल झाली की मग त्याचा चँग (लोखंडी गोळेवाला) असा सुटायचा की आपण पुढे असूनही घाम फुटायचा. एकाच मशिनवर दोन वेगळ्या पिढ्यांचे खेळ समोरासमोर लढवण्याची ही कल्पना ९७ ने आणली. ९८ मध्ये ती आहे, पण ती ९७ ची देणगी आहे, हे ९८ च्या चाहत्यांनी लक्षात ठेवावं.

आणि आवाज. ९७ मध्ये काही मोजक्याच कॅरेक्टरना स्वतःचं संगीत आहे. बाकी मॅचमध्ये पाठीमागे फक्त गर्दीचा, जागेचा आवाज येतो. हे अनेकांना कच्चं काम वाटतं. मला वाटत नाही. खोलीत पंधरा पोरं श्वास रोखून उभी आहेत, गेममधूनही नुसता कलकलाट येतोय, आणि मग लोरीची पाळी येते आणि सॅक्सोफोन सुरू होतो. पंचवीस वर्षं झाली, तो सॅक्सोफोन ऐकला की अजून मान वर होते.

कथा आम्हाला तेव्हा धड कळत नव्हती. पडद्यावरचं इंग्रजी पळत पळत जायचं. पण क्यो (गेमचा नायक), लोरी आणि चिझुरू या तिघांना एकत्र घेऊन शेवटपर्यंत गेलं की वेगळा शेवट येतो, एवढी बातमी पोचली होती. दिवाळीच्या सुट्टीत एकाने तो गाठला. त्याआधी एकदा अगदी ओरोचीसमोर (शेवटचा बॉस) असताना लाइट गेली होती, गुरुवार होता, आणि तो मुलगा तिथेच जमिनीवर बसून रडला होता. या वेळी लाइट राहिली. आयुष्यभर क्योच्या जिवावर उठलेला लोरी रक्त पिसाळलेल्या अवस्थेत ओरोचीचा गळा धरतो आणि क्यो शेवटचा ठोसा उगारतो. मुठा नदीला पूर आल्यावर पुलावर माणसं जशी न बोलता बघत उभी राहतात, तशी सगळी उभी होती. १८०० वर्षांपूर्वी तीन घराण्यांनी मिळून ओरोचीला बंद केलं, ६६० वर्षांपूर्वी त्यातलं एक घराणं फितूर झालं आणि तिथून यागामी (लोरीचं घराणं) आणि कुसानागी (क्योचं) यांचं वैर सुरू झालं, हे मी कॉलेजात असताना वाचलं. तेव्हा मला त्या शेवटाचा अर्थ लागला. ९८ मध्ये हे काहीच नाही. तिथे लोरी आणि क्यो फक्त दोन चांगले खेळाडू आहेत. माझ्यासाठी ते कमी आहे.

पार्लर २००३ मध्ये बंद झालं. ९७ चा बोर्ड त्याआधीच गेला होता. त्यावर एक छोटी बॅटरी असते, ती गळून आजूबाजूचे ट्रॅक खाते. आमच्या बोर्डाचंही तेच झालं. मी दोन दिवस तारा जोडत बसलो, पण चित्र येईना. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बॅटरी वेळेवर काढून टाकली असती तर तो बोर्ड वाचला असता. काकांनी मला बटणांची फळी दिली. ती मी अलीकडे यूएसबीच्या छोट्या बोर्डाला जोडली. डी अजूनही अंगठाभर खाली आहे. सरळ रेषेत चार बटणं असलेल्या फळीवर मला आता खेळताच येत नाही.

---

पिंपळाचा_पार

पार्लरमध्ये आम्हा मुलींना कुणी जाऊ देत नसे, म्हणून मी दारातून बघितलेला गेम आहे हा. माझा भाऊ आत खेळायचा आणि मी क्लासहून येताना त्याला बोलवायला जायचे. "जेवायला चल" सांगायला पाच मिनिटं जास्तच लावायचे.

खेळायला मिळाला तो २००१ मध्ये, घरी कॉम्प्युटर आल्यावर. भावाने सीडीवरून निओरेजेक्स हा एम्युलेटर (कॉम्प्युटरवर पार्लरचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) आणला. एकाच कीबोर्डवर दोघं. जुन्या कीबोर्डवर एका वेळी तीन-चार कळा दाबल्या की पुढची लागतच नाही. त्यामुळे भावाने माझ्याआधी दोन कळा धरून ठेवल्या की माझी अथेना जागची हलायची नाही. मला वाटायचं मी मठ्ठ आहे. त्याची युक्ती कळायला महिना गेला. मग मी कळा बदलून घेतल्या आणि त्याला धुतला.

चौथं_बटण यांनी लिहिलेले नियम आमच्या घरीही होते! कोपऱ्यात पाडलं की एक पाऊल मागे. भावाने ते पार्लरमधूनच आणले असणार. मी ते गेमचेच नियम समजत होते.

---

हॉस्टेल_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. चौथं_बटण दादा, तुमचं लिहिणं रूमवर मोठ्याने वाचून दाखवलं. तीन माणसं एका रुपयात, हा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता.

शनिवारी जाऊन आलो. मी फक्त एवढंच विचारलं, "मामा, तुमच्याकडे कोपऱ्याचा काय नियम होता?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" त्यांचं पार्लर स्वारगेटजवळ होतं. तिथे नियम वेगळा होता: कोपऱ्यात एकच कॉम्बो, मग उडी मारून पलीकडे जायचं. परवा त्याने तो पाळला नाही कारण, त्याच्या शब्दांत, "तू कॉलेजातला, रोज खेळणारा, म्हटलं तुला जमेल."

मग नियम लावून वीस मॅच खेळलो. १४-६. सहा मी जिंकलो! मामी चहा ठेवून गेली आणि तो गार झाला.

एक शंका राहिली. मामा जवळ येऊन मला पकडतो, आम्ही दोघं उलटसुलट होतो, आणि मग माझा हात चालायच्या आत कॉम्बो सुरू होतो. ब्लॉक करूनही लागतं. हे काय आहे, आणि यातून सुटायचं कसं?

---

चौथं_बटण

१४-६ म्हणजे चांगलं आहे. पहिल्याच नियमाच्या दिवशी सहा!

स्वारगेटचा नियम मी ऐकला नव्हता. आमच्यापेक्षा कडक दिसतोय.

ती लोरीची पकड आहे, कुझुकाझे. जॉयस्टिक पुढून खालून मागे अर्धा गोल, मग पुढे, आणि ठोसा. स्वतः मारत नाही, फक्त तुला पलीकडे फिरवून क्षणभर मोकळा सोडते, म्हणून त्यानंतरचं सगळं लागतं. पकड असल्यामुळे ब्लॉकचा उपयोग नाही. एकदा लागली की सुटका नाही, लागण्याआधीच हवेत असायला पाहिजेस. मामा धावत अगदी अंगाला भिडले आणि ठोसा न मारता थांबले, की समज ती येतेय. सरळ वर छोटी उडी मार आणि खाली येताना डी. त्यांचा हात रिकामा गेला की तेवढ्या वेळात तुझी लाथ बसते.

आणि मामांना तुझ्यावरून उडी मारून पलीकडे जाताना मागे आणि बी दाबायची सवय आहे का बघ. लोरीची ती लाथ पाठीमागून लागते. तुझ्या डोक्यावरून गेले की ब्लॉकची दिशा बदल. पुढच्या शनिवारी यातलं एक जरी जमलं तरी आकडा बदलेल. किती झाले ते इथे लिही.